दोन मिनिटांत हसतखेळत ओळख: आजीचं वाक्य, सुशीला आणि एक कूलर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरी शेती, आम्ही सहा जण. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची पहिलीच नोकरी लागली आहे. सोमवारी टीमसमोर दोन मिनिटांत ओळख करून द्यायची आहे. कुठला, आवडीनिवडी काय, पुढं काय करायचंय, एवढं सांगायचं. 'जरा मजेशीर होऊ द्या' असं मॅनेजर म्हणाले. टीममध्ये पंधरा जण, बहुतेक मराठी, दोघं हैदराबादचे. मला विनोद सांगता येत नाहीत. घरी आजीलासुद्धा मी काय करतो ते समजावता आलं नाही. ती म्हणाली, चुका शोधायचं काम मी साठ वर्षं केलं, मला कुणी रुपया दिला नाही. तर मी नेमकं काय बोलू?"

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. "मला विनोद सांगता येत नाहीत" असं लिहून तुम्ही लगेच पुढे आजीचं वाक्य लिहिलंय. मी घरात एकटीच होते, तरी मोठ्यांदा हसले. तुम्हाला हवा असलेला विनोद तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय आणि तो विनोद आहे हे तुमच्या लक्षातही आलेलं नाही. बहुतेकांचं असंच होतं. ठरवून बसलं की काही सुचत नाही, आणि बोलण्याच्या ओघात जे सुटून जातं तेच कामाचं असतं. सोमवारला अजून चार दिवस आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी २२ वर्षं निवेदनाचं काम करते. स्वागत समारंभ, गॅदरिंग, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, निवृत्तीचे निरोप. त्यातली शेवटची १२ वर्षं नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना चारचौघांत बोलायला शिकवते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून ओळख द्यायला सांगते. अशा हजारभर ओळखी तरी ऐकल्या असतील, आणि त्यातल्या बहुतेक अशा: "माझं नाव अमुक, गाव तमुक, वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, मला वाचनाची आणि क्रिकेटची आवड आहे, मला आयुष्यात यशस्वी व्हायचं आहे." यात खोटं काही नसतं. पण पन्नास जणांनी आपापसांत कागद बदलून वाचले तरी कुणाला कळणार नाही.

ओळख करून दिल्यानंतर चहाच्या सुट्टीत कुणीतरी तुमच्याकडे यावं आणि त्याला बोलायला काहीतरी निमित्त असावं, एवढंच तिचं काम. हसू आलं की ते निमित्त लवकर पोचतं आणि लक्षात राहतं.

एक उदाहरण सांगते. गडहिंग्लजकडची एक मुलगी होती, आवाज अगदी बारीक. तिचे वडील एसटीत कंडक्टर. तिनं लिहून आणलं होतं, "माझे वडील एसटी महामंडळात नोकरीला आहेत." मी म्हटलं, हे वाक्य ठेव बाजूला, लहानपणीचं काहीतरी सांग. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, घंटी दोनदा वाजल्याशिवाय जगात काहीच सुरू होत नाही." सगळा वर्ग हसला. कारण ती दोरी आणि ती घंटी प्रत्येकानं ऐकलेली. एक टोल दिला की गाडी थांबते, दोन दिले की निघते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून आजी, आई, नात सगळ्याच त्या घंटीवर प्रवास करत आल्यात. तिनं शेवट केला तोही छान: "माझं बोलणं संपलं. डबल बेल." त्यानंतर पाच दिवस आमच्या शिबिरात कुणीही बोलायला उठलं की मागून कुणीतरी "डबल बेल" म्हणायचं, आणि त्या मुलीकडे बघून. तिला वेगळी ओळख करून द्यायची गरजच उरली नाही.

या वाक्यात चुटका नाही, कोटी नाही. एक खरी, नेमकी, छोटी गोष्ट आहे. "वडील नोकरीला आहेत" हे अर्जात लिहायचं वाक्य आणि "घंटी दोनदा" हे तिच्या कानातलं. तुम्हाला पोचायचंय ते या कानातल्या, जिभेवरच्या, डोळ्यांसमोरच्या गोष्टीपर्यंत.

माझी एक कसोटी आहे आणि ती मी कुणालाच सोडू देत नाही. प्रत्येक मजेशीर वाक्य असं हवं की कुणीच हसलं नाही तरी त्यातून तुमच्याबद्दल काहीतरी कळलंच पाहिजे. मोबाइलवर आलेला चुटका सांगितलात आणि तो पडला, तर हाती काही उरत नाही, नुसती शांतता उरते आणि ती फार जड असते. पण आजीचं वाक्य पडलं समजा, तरी लोकांना तुमचं काम कळलं, आजी कळली, तिचं आणि तुमचं कसं बोलणं चालतं ते कळलं. तुम्ही काहीच न झाल्यासारखे पुढच्या वाक्यावर जाऊ शकता. नवीन माणसाला भीती असते ती विनोद पडण्याची, आणि या कसोटीनं ती भीतीच निघून जाते.

आता तुमच्या मालाकडे येऊ. आधी गाव.

परभणीचा माणूस पुण्यात उभा राहिला की "जगात जर्मनी, भारतात परभणी" येणारच. टीममधल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलेलं असेल. म्हणून ते पूर्ण म्हणू नका. "जगात जर्मनी" एवढंच म्हणा आणि थांबा. कुणीतरी उरलेलं म्हणेलच. तुमच्या पहिल्या वाक्यात त्यांनी भर घातली की ते तुमच्या बाजूला आले. आणि कुणीच म्हटलं नाही तर दोन सेकंदांनी शांतपणे "भारतात परभणी" म्हणून पुढे जा. दुसरी म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." ती गावात, गाववाल्यांत म्हणायला मजा येते. परक्या माणसांसमोर पहिल्याच दिवशी आपल्या गावाला "नाही तर"च्या बाजूला बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

गावाबद्दल आणखी एक चांगली गोष्ट तुमच्या हाताशी आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, आणि त्यांचं रब्बी ज्वारीचं एक वाण आहे "परभणी मोती". तुमच्या शेतात ते पेरलं जात असेल, तर "आमच्या शेतात मोती पिकतात" या वाक्यावर तुमचा हक्क आहे. म्हणा, थांबा, आणि मग वाणाचं नाव सांगा. पेरलं जात नसेल तर म्हणू नका. चहाच्या वेळी शेतीतला कुणीतरी येऊन एकरी उतारा विचारेल तेव्हा अडचण होईल.

हैदराबादच्या दोघांना विसरू नका. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि त्यांच्या बोलण्यातला "नक्को" आपल्या "नको"वरूनच गेलेला आहे. त्यांच्याकडे बघून "तुमच्या-आमच्या घरात 'नक्को' एकच" एवढं वाक्य टाकलंत तरी दोन माणसं तुमची झाली. टीम मिश्र असली की एक हिशेब ठेवायचा. शब्दनिष्ठ विनोद भाषेबरोबर अडतो, प्रसंगनिष्ठ विनोद कुठल्याही भाषेत जातो. आजीचं वाक्य तुम्ही हिंदीत सांगा, इंग्रजीत सांगा, ते चालणारच.

बोलीबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. मराठवाड्याकडची कितीतरी मुलं माझ्याकडे येतात आणि पहिल्या तासाला विचारतात, "मॅडम, आधी भाषा सुधारू का?" मला फार वाईट वाटतं हे ऐकून. एका मुलीनं ओळखीत एक प्रसंग सांगितला होता. तिला वरिष्ठांचा फोन आला, ती म्हणाली, "मी जेवायलेय." तिकडून विचारलं, "हो का, जेवायला कुठे?" ती म्हणाली, "जेवायलेय ना." तिकडून पुन्हा, "अहो पण कुठे?" हा प्रसंग तिनं इतक्या सहज सांगितला की सगळे हसले, आणि हसता हसता पुण्या-मुंबईच्या मुलांना "जेवायलेय" म्हणजे "जेवतेय" हे कायमचं कळलं. कुणाची बोली त्यात खाली पडली नाही. दोन बोली समोरासमोर आल्या आणि गंमत झाली, इतकंच. हा प्रसंग तिचा आहे, तुम्ही घेऊ नका. पण महिनाभर पुण्यात राहिला असाल तर असा एखादा तुमच्यासोबतही घडला असणार. आपल्या बोलीत बोला. तिची नक्कल करून दाखवू नका.

आता जे सांगते ते नीट वाचा. तुमच्या प्रश्नातल्या "खेड्यातला" या शब्दामुळे मला ते आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यालयात शिबिर घेत होते. खानदेशातल्या दुर्गम भागातला एक मुलगा ओळख द्यायला उठला. म्हणाला, "मी आदिवासी पट्ट्यातला, मला बटण म्हणजे शर्टाचंच माहीत. इथं लिफ्टमध्ये शिरलो आणि दोन दिवस वरच जाता येईना." प्रचंड हशा. टाळ्यासुद्धा. सहा महिन्यांनी त्याच कार्यालयात पुन्हा गेले तेव्हा तो एका कामाचं सादरीकरण करत होता. चांगलं करत होता. मधेच मागून कुणीतरी म्हणालं, "बटण, पुढची स्लाइड." सगळे हसले. तोही हसला, पण बोलताना त्याची बोटं पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. चहाच्या वेळी मी सहज विचारलं. म्हणाला, "लिफ्ट कितीदा वापरली होती मॅडम. कॉलेजच्या होस्टेलमध्ये होती. लोक हसावेत म्हणून बोललो."

त्या दिवसापासून मी शिकवते त्या प्रत्येक वर्गात सांगते: पहिल्या दिवशी स्वतःला, आईवडिलांना, गावाला, रंगाला, उंचीला, जातीला, इंग्रजीला कमी लेखून हसवायचं नाही. त्या वेळी हशा मोठा येतो, हे खरं आहे. पण लोक तुम्हाला ओळखत नसतात, म्हणून तुम्ही जे सांगाल ते त्यांना खरंच वाटतं आणि ते तसंच धरून ठेवतात. वीस वर्षांचा मित्र स्वतःवर हसला की आपल्याला त्याची दुसरी बाजू माहीत असते. पहिल्या दिवशी ती दुसरी बाजू कुणाकडेच नसते.

आजीचं वाक्य मला एवढं आवडलं त्याचं कारणही हेच. त्यात आजी भोळी ठरत नाही. नातवाच्या नोकरीवर तिनं एका वाक्यात मात केलीय. घरातल्या माणसांबद्दल बोलताना मी एवढंच बघते: तो माणूस पहिल्या रांगेत बसला असता तर हेच वाक्य म्हटलं असतं का? तुमची आजी बसली असती तर उलट तिनं मान वर केली असती.

आडनावांवर फार वेळ घालवू नका. वाघमारे आडनावाच्या माणसानं वाघाचा विनोद पहिलीपासून ऐकलेला असतो आणि गोडबोल्यांनी गोड बोलण्याचा. चटकन सुचणारी कोटी सगळ्यांनाच सुचून गेलेली असते. दहातोंडे आडनावाच्या एका मुलानं मात्र वेगळी वाट काढली होती: "तोंडं दहा आहेत, पण आज एकच आणलंय, म्हणून सावकाश बोलतो." स्वतःच्या आडनावावर एवढं चालतं. दुसऱ्याच्या आडनावावर कधीच नाही, आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे काय काय दडलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि पुणेरी पाट्या, दुपारी बंद असणारी दुकानं हे विषय पुण्यातल्या माणसांसमोर नकोच. त्यांनी ते इतकं ऐकलंय की चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

आवडीनिवडींत लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण यादी देतात. एकच आवड घ्या आणि तिच्या अगदी जवळ जा. एका मुलानं "मला गाणी ऐकायला आवडतात" असं लिहिलं होतं. मी विचारलं, कधी ऐकतोस? म्हणाला, इस्त्री करताना. कोणती? नाट्यगीतं. का? तर म्हणाला, "एका नाट्यपदात तीन शर्ट होतात." बस, हीच त्याची ओळख. "गाणी आवडतात" म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही, पण तीन शर्ट म्हटल्यावर लोक त्याला कोणतं पद, कोणता गायक, चौथ्या शर्टाला काय, असं विचारत होते.

तुमच्यासाठी मी एक सुचवते. मराठवाड्यात सकाळच्या नाश्त्याला सुशीला करतात. मुरमुरे पाण्यात भिजवून पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाण्यांची फोडणी, हळद, वरून डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर. पाच मिनिटांत होते आणि गरम असतानाच खायची, गार झाली की मुरमुरे चामट होतात. तुमच्या घरी होत असेल आणि तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर "पुण्यात सगळं मिळतं, सुशीला मिळत नाही" हे वाक्य आपोआप हसवतं. ते मुद्दाम डोळा मारल्यासारखं म्हणू नका. पोहे मिळत नाहीत असं म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणा. लोक क्षणभर चमकतील, मग तुम्ही मुरमुऱ्यांवर या. आणि एक काळजी घ्या, सकाळी टीमची नावं बघून घ्या. सुशीला नावाच्या कुणी असतील तर हे वाक्य टाकायचं नाही. निवेदकाला ही सवय लावून घ्यावी लागते. कार्यक्रमाआधी मी पहिल्या दोन रांगांतल्या पाहुण्यांची नावं विचारल्याशिवाय माईक हातात घेत नाही.

एक बारीक पण फार कामाची गोष्ट आता. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे हसवणारा शब्द पुष्कळदा "आहे", "होतं", "असतात" यांच्या मागे अडकून बसतो. "आमच्या घरात सहा माणसं आणि एक कूलर आहे" हे मोठ्यांदा म्हणून बघा. कूलरपाशी हसू यायला लागतं तोवर "आहे" येतो आणि ते विझतं. आता म्हणा, "घरात माणसं सहा, कूलर एक." तेच शब्द, पण शेवटी "एक" येतो आणि तिथं थांबता येतं. आपल्या म्हणींनी हे कधीच ओळखलंय: "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा", "नावडतीचं मीठ अळणी", "उचलली जीभ, लावली टाळ्याला". ज्या शब्दानं लागायचं तो शेवटी आणि क्रियापद एकतर गायब नाहीतर आधीच उरकलेलं. एकनाथांच्या भारुडांतली सोंगं, जोशी म्हणा, वासुदेव म्हणा, भुत्या म्हणा, आधी आपण कोण ते सांगतात आणि मग विषयात शिरतात. त्यांच्या ओळीही अशाच आखूड. हसवत ओळख करून देणं आपल्याकडे काही आजचं नाही.

आजीच्या वाक्यालाही हेच लागू. "'मला कुणी रुपया दिला नाही' असं आजी म्हणाली" हे नको. "आजी म्हणाली" आधी, मग तिचं वाक्य, आणि "नाही"वर तुम्ही गप्प. पुढचा शब्द लगेच काढलात तर तुमच्याच हशावर तुम्ही बोलाल आणि लोक हसू गिळतील. हशा वर चढतो, स्थिरावतो आणि ओसरू लागतो. ओसरू लागला की पुढचं वाक्य. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितलीत तर मध्ये पोकळी पडते.

ध्येय. "यशस्वी व्हायचंय" यातून काहीच कळत नाही. दोन ध्येयं सांगा, एक जवळचं आणि घरगुती, दुसरं खरं कामाचं. जवळच्यात गंमत येऊ द्या. कामाचं मात्र अगदी सरळ सांगा, त्याच्या आजूबाजूला विनोद फिरकू देऊ नका. दोन मिनिटांत एक वाक्य तरी असं हवं की तिथं तुम्ही गंभीर आहात हे सगळ्यांना दिसावं. आधीच्या हशानं लोकांचे कान उघडे असतात, त्यामुळे ते वाक्य जास्त ठळक ऐकू येतं. टोस्टमास्टर्स ही वक्तृत्व शिकवणारी संस्था १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आनात सुरू झाली. त्यांच्याकडे नव्या सभासदाचं पहिलं भाषण स्वतःवरच असतं, "आइस ब्रेकर", चार ते सहा मिनिटांचं, आणि वेळ झाली की हिरवा, पिवळा, लाल असे इशारे मिळतात. तुमच्याकडे फार तर त्याच्या निम्मा वेळ आहे, म्हणून घाई न करता कमी बोला. मराठीत मी मिनिटाला साधारण १२० शब्द धरते. दोन मिनिटांना २४० होतात, पण हशा आणि थांबे धरून २०० च्या आतच लिहायचं.

तर तुमच्यासाठी मी असं मांडीन. कूलर आणि मोती मी धरून चाललेय, तुमच्या घरचं खरं असेल ते घाला.

"नमस्कार. मी अमुक. जगात जर्मनी…

हां, तिथलाच. परभणीजवळचं छोटं गाव. आमच्या शेतात मोती पिकतात.

परभणी मोती. ज्वारीचं वाण, आमच्या कृषी विद्यापीठाचं. थंडीत या, हुरडा खाऊ घालतो.

घरात माणसं सहा, कूलर एक. परभणीच्या उन्हाळ्यात कोण कुठं झोपणार याचं वेळापत्रक दहावीपासून माझ्याकडे. टीमच्या सुट्ट्यांचं नियोजन लागलं तर सांगा, अनुभव आहे.

पुण्यात येऊन महिना झाला. सगळं मिळतं, सुशीला मिळत नाही.

भिजवलेले मुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट. आमच्याकडे नाश्त्याला सुशीला लागतेच. कुठं मिळत असेल तर मला पत्ता द्या.

काम टेस्टिंगचं. आजीनं विचारलं, तू नेमकं काय करतोस? म्हटलं, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधतो, त्याचा पगार मिळतो. आजी म्हणाली, हेच काम मी साठ वर्षं केलं, मला कुणी रुपया दिला नाही.

तर पुढच्या दिवाळीपर्यंत आजीला माझं काम नीट समजावून सांगायचंय. आणि वर्षभरात ऑटोमेशन टेस्टिंग शिकायचंय. ज्यांना ते येतं त्यांच्याजवळ बसून शिकायला मला आवडेल. मी अमुक, परभणी. धन्यवाद."

नाव सुरुवातीला पटकन आणि शेवटी सावकाश, असं दोनदा घेतलंय. सुरुवातीला लोक तुमचा चेहरा बघत असतात, नाव कानात शिरत नाही. शेवटी ते नावासाठी थांबलेले असतात. उखाण्यात मांडव नावासाठी कान देऊन उभा असतो ना, तसं. हैदराबादचं "नक्को" मी यात घातलं नाही, ते चहाच्या वेळेसाठी राखून ठेवा. दोन मिनिटांत चार हसण्याच्या जागा पुरे होतात.

पाठ करायचं ते पहिलं वाक्य, आजीचं वाक्य आणि शेवटचं वाक्य. बाकीचं मुद्द्यांवर बोला, नाहीतर शाळेतल्या स्पर्धेसारखं वाटेल. मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदाच ऐका, आणि ऐकताना एवढंच तपासा की वाक्याचा शेवट खाली पडतोय का. आपल्याकडची बरीच मुलं शेवटचा शब्द गिळतात, आणि हसवणारा शब्द नेमका तिथंच असतो. रूममेटला अख्खं म्हणून दाखवू नका, तो हसला नाही तर तुम्ही चांगली वाक्यं काढून टाकाल. मीटिंग ऑनलाइन झाली तर सगळ्यांचे माईक बंद असतील, हसू ऐकू येणार नाही. तेव्हा थांबे निम्मे करा आणि नेहमीच्या वेगानं पुढे चला.

रविवारी संध्याकाळी आजीला फोन करा. तिचं वाक्य ऑफिसात सांगणार आहे, सांगू का, असं विचारा. आणि ते तिच्या तोंडून पुन्हा एकदा ऐका. तुम्ही मला लिहिताना ते थोडं पुस्तकी झालं असणार. तिनं ज्या शब्दांत म्हटलं असेल, "रुपया" म्हटलं असेल की "छदाम", ते जसंच्या तसं सोमवारी न्या.